वाचकांचे प्रश्न : खूण केलेले शेवाळ आणि अन्नाचा माग

गेल्या अंकातील स्पिरुलिना या सूक्ष्म शेवाळाविषयीच्या टिपणात, कार्बनच्या जड समस्थानिकाने (म्हणजे त्याच मूलद्रव्याच्या, पण जास्त वजनाच्या अणूने) खूण केलेली स्पिरुलिना वैद्यकीय तपासणीत वापरली जाते, असा ओझरता उल्लेख होता. त्या एका वाक्यावर इतकी पत्रे आली की या वेळचे सदर त्यालाच देत आहे. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : माझा धाकटा मेहुणा अमेरिकेत असतो. त्याला बरीच वर्षे मधुमेह आहे आणि जेवणानंतर तासन्‌तास पोट जड राहते. डॉक्टरांनी त्याला स्पिरुलिना मिसळलेले अंडे खाऊन नळीत श्वास सोडण्याची चाचणी सांगितली आहे. या स्पिरुलिनात किरणोत्सर्ग असतो का? आणि अंड्यात शेवाळ कशासाठी घालतात?
— एक वाचिका, फोंडा

किरणोत्सर्ग मुळीच नसतो, ही काळजी आधी मनातून काढून टाकावी. कार्बन-१४ किरणोत्सर्गी आहे. कार्बन-१३ हा स्थिर आहे आणि तो आपल्या सर्वांच्या अंगात जन्मापासून असतोच. निसर्गातील एकूण कार्बनपैकी सुमारे १.१ टक्के कार्बन-१३ असतो. उरलेला जवळजवळ सगळा कार्बन-१२. साठ किलो वजनाच्या माणसाच्या शरीरात या हिशेबाने सव्वाशे ग्रॅमच्या आसपास कार्बन-१३ भरतो. आपल्या मेहुण्यांना मिळणाऱ्या घासात तो जेमतेम ४३ मिलिग्रॅम असेल. फरक इतकाच की त्या शंभर मिलिग्रॅम स्पिरुलिनातील जवळपास प्रत्येक कार्बन अणू जड आहे, आणि म्हणून तो पुढे कोठेही गेला तरी ओळखू येतो.

मधुमेह जुना झाला की काही रुग्णांच्या जठराच्या हालचाली मंदावतात आणि अन्न तेथेच रेंगाळते. किती रेंगाळते, हे मोजण्याची प्रचलित पद्धत म्हणजे किरणोत्सर्गी टेक्निशियम मिसळलेले अंडे खायला देऊन पोटावर कॅमेरा धरणे. श्वासाच्या चाचणीत कॅमेरा लागत नाही. अंड्याच्या मिश्रणात स्पिरुलिना शिजवून घट्ट बसवलेली असते. त्यामुळे जठरातील द्रवाबरोबर ती एकटीच पुढे निसटत नाही, अंड्याच्या घन कणांबरोबरच लहान आतड्यात उतरते. तेथे ती पचते, तिचा कार्बन रक्तात जातो, ऊर्जेसाठी जाळला जातो आणि जड कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासावाटे बाहेर पडतो. या साखळीतला सर्वांत सावकाश टप्पा जठर रिकामे होण्याचा असल्याने, चार तासांत ठरावीक अंतराने घेतलेल्या श्वासांतील कार्बन-१३चा चढउतार जठराचा वेग सांगतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ही चाचणी २०१५ साली मान्य केली.

अंडे, दूध, गहू किंवा स्पिरुलिना यांची ॲलर्जी असेल त्याने ही चाचणी करू नये. फुप्फुस, यकृत किंवा लहान आतड्याचा मोठा विकार असेल तर निष्कर्ष चुकू शकतो, हेही मेहुण्यांनी डॉक्टरांच्या कानावर घातलेले बरे. आपल्याकडे पोटातील हेलिकोबॅक्टर जंतूसाठी श्वासाची चाचणी होते तिच्यात युरिया वापरतात. तिचा शेवाळाशी संबंध नाही.

प्रश्न : कार्बन-१३ असलेली जीवनसत्त्वे, रंगद्रव्ये किंवा अमिनो आम्ले रसायनशाळेत थेट तयार करता येत नाहीत का? त्यासाठी शेवाळ वाढवण्याचा खटाटोप कशासाठी? आणि ते वाढवतात कसे?
— एक निवृत्त शिक्षक, मडगाव

काही येतात. दोन-तीन कार्बनचा साधा रेणू असेल तर रसायनशास्त्रज्ञ तो सहज जोडतो. परंतु बीटा-कॅरोटीनमध्ये चाळीस कार्बन आहेत, हरितद्रव्यात पंचावन्न. ते सगळेच्या सगळे जड हवे असतील तर प्रत्येक जोडणीत महाग कच्चा माल वाया घालवत शेवटी हाती चिमूटभर उरते. शिवाय रेणूचा अवकाशातील आकारही बरोबर यावा लागतो. ॲस्टाझँथिन हे कोळंबीला आणि सामन माशाला लालसर रंग देणारे द्रव्य घ्या. कारखान्यात बनलेल्या ॲस्टाझँथिनमध्ये तीन वेगवेगळ्या आकारांचे रेणू १:२:१ या प्रमाणात मिसळलेले असतात. हेमॅटोकोकस नावाचे सूक्ष्मशैवाल मात्र त्यांतला जवळजवळ एकच बनवते. शेवाळाला कार्बन डायऑक्साइड, प्रकाश आणि चार क्षार दिले की ते एकाच वेळी प्रथिने, स्निग्धाम्ले, शर्करा आणि रंगद्रव्ये बनवते, आणि या सर्वांतला कार्बन एकाच वायूतून येतो. तो वायू जड असला की सगळेच जड.

ही युक्ती नवी नाही. मार्टिन केमेन आणि सॅम रुबेन यांनी १९४० साली कॅलिफोर्नियातील बर्कली येथे कार्बन-१४ शोधून काढला. त्याच ठिकाणी मेल्विन कॅल्विन, अँड्र्यू बेन्सन आणि जेम्स बॅशम यांनी क्लोरेला आणि सेनेडेस्मस ही शेवाळे एका चपट्या काचपात्रात वाढवून त्यांना किरणोत्सर्गी कार्बन डायऑक्साइड दिला, काही सेकंदांतच ती गरम अल्कोहोलमध्ये सोडून मारली आणि कार्बन पहिल्यांदा कोणत्या रेणूत शिरला ते कागदावर वेगळे करून पाहिले. शाळेत आपण शिकवले असेल ते कॅल्विन चक्र यातूनच हाती आले. कॅल्विन यांना १९६१चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. त्यांना खूण केलेले शेवाळ काही क्षणांपुरते हवे होते. आज ते पीक म्हणून घेतले जाते, आणि तेथून हिशेबाच्या अडचणी सुरू होतात.

कार्बन-१३ वेगळा करण्यासाठी कार्बन मोनॉक्साइड अतिथंड करून द्रवरूप करतात आणि उंच स्तंभांत पुन्हा पुन्हा ऊर्ध्वपातित करतात. दोन समस्थानिकांच्या उत्कलनबिंदूंत अगदी थोडा फरक असल्यामुळे हे काम सावकाश आणि खर्चाचे होते. वाळलेल्या शेवाळाच्या वजनात साधारण निम्मा कार्बन असतो, म्हणजे एक किलो शेवाळासाठी अर्धा किलो कार्बन-१३ आणि त्यासाठी किमान पावणेदोन किलो जड कार्बन डायऑक्साइड लागतो. एवढा महाग वायू साध्या शेवाळशेतीप्रमाणे पाण्यात बुडबुडे सोडून हवेत जाऊ देणे कोणालाच परवडणार नाही. त्यामुळे पात्र पूर्ण बंद असते आणि तोच वायू फिरवून फिरवून वापरला जातो.

पात्र बंद केले की दुसरी अडचण उभी राहते. प्रकाशसंश्लेषणात जितका कार्बन डायऑक्साइड आत ओढला जातो, जवळजवळ तितकाच ऑक्सिजन बाहेर पडतो. तो साठला की कार्बन पकडणारे रुबिस्को हे विकर ऑक्सिजनच पकडू लागते आणि वाढ खुंटते. म्हणून फिरत्या वायूतून ऑक्सिजन सतत काढावा लागतो, पण तो काढताना जड कार्बन डायऑक्साइड निसटून चालत नाही. माझ्या मते या सगळ्या उद्योगातले खरे कसब येथे आहे. शेवाळ वाढवणे त्यामानाने सोपे. अंधारात शेवाळ श्वसन करून कार्बन परत सोडते, तोही याच बंद वर्तुळात राहतो आणि उजेड पडताच पुन्हा उचलला जातो.

तिसरी अडचण साध्या कार्बनच्या घुसखोरीची. स्पिरुलिना सोडियम बायकार्बोनेटच्या, ९ ते १०च्या आसपास सामू असलेल्या अल्कधर्मी पाण्यात वाढते. तिच्यासाठी प्रचलित असलेल्या झारूक माध्यमात लिटरमागे १६.८ ग्रॅम बायकार्बोनेट असते. खूण करायची तर हे बायकार्बोनेटच कार्बन-१३चे घ्यावे लागते, आणि पाण्यात आधीपासून विरघळलेला कार्बन डायऑक्साइड नायट्रोजन वायू सोडून घालवावा लागतो. असे अल्कधर्मी पाणी हवेतला साधा कार्बन डायऑक्साइड आपणहून शोषते, त्यामुळे झाकण उघडे राहिले की खूण फिकट होत जाते. शिवाय सुरुवातीला घातलेल्या शेवाळातही साधा कार्बन असतो. दह्याला लावलेल्या विरजणासारखे त्याचे असते: एक भाग विरजणातून शंभर भाग पीक आले तर त्यात एक टक्का जुना कार्बन उरतो. ९९ टक्के शुद्ध खूण हवी असेल तर पहिल्या जड पिकातलेच थोडे घेऊन दुसरे पीक लावतात. नायट्रोजनचीही खूण हवी असल्यास साध्या सोडियम नायट्रेटच्या जागी नायट्रोजन-१५ असलेले नायट्रेट घालतात. तेथे हवेची अडचण नाही, कारण स्पिरुलिनाला हवेतला नायट्रोजन वापरता येत नाही.

पीक हाती आल्यावर त्यातला कणही टाकून देत नाहीत. आधी पाण्यात निळे फायकोसायनिन उतरवतात. मग ॲसिटोन किंवा अल्कोहोलमध्ये हरितद्रव्य आणि कॅरोटीन उतरते. ते मंद उजेडात आणि नायट्रोजनखाली हाताळावे लागते, नाहीतर ऑक्सिजन आणि प्रकाश मिळून रंगाची माती करतात. उरलेल्या चोथ्यातील प्रथिने हायड्रोक्लोरिक आम्लात उकळून अमिनो आम्ले मोकळी करतात. या उकळण्यात ट्रिप्टोफॅन नष्ट होते, म्हणून ते स्वतंत्रपणे मिळवावे लागते. या जड अमिनो आम्लांना मोठे गिऱ्हाईक आहे ते प्रथिनांची रचना चुंबकीय अनुस्पंदनाने पाहणाऱ्या प्रयोगशाळांचे, कारण कार्बन-१२ त्या यंत्राला दिसतच नाही आणि कार्बन-१३ दिसतो.

प्रश्न : अशा श्वासाच्या चाचणीआधी मका आणि ऊस खाऊ नये असे वाचले. मग आमच्याकडचा माडाचा गूळ चालतो का?
— एक वाचक, काणकोण

चालतो की नाही ते चाचणी घेणाऱ्यांनाच विचारावे, पण आपल्या शंकेत एक सुंदर गोष्ट दडली आहे. ऊस, मका आणि ज्वारी यांची प्रकाशसंश्लेषणाची रीत वेगळी असल्याने त्यांच्यात कार्बन-१३चे प्रमाण भात, गहू किंवा नारळ यांच्यापेक्षा किंचित अधिक असते. हा फरक हजारात चौदा-पंधरा भागांइतकाच, पण यंत्राला तो स्वच्छ कळतो. म्हणून उसाचा गूळ भरपूर खाऊन गेलेल्या माणसाच्या श्वासात आधीच थोडा जास्त कार्बन-१३ असू शकतो. माडाच्या गुळाने तसे होत नाही. याच कारणाने माडाच्या गुळात उसाची साखर मिसळली असेल तर तीही या मोजणीत पकडली जाते. आपल्या बाजारात माडाचा म्हणून जे विकले जाते त्यातले थोडे एकदा या यंत्रात घालून पाहावे, असे मला फार दिवसांपासून वाटते.

प्रश्न : पेडणे तालुक्यात आमची मिठागरे आहेत. हंगामाच्या अखेरीस, पाणी आटत आले की काही कोंडांतले पाणी गुलाबी-तांबूस होते. त्यात कॅरोटीन देणारे शेवाळ असते असे म्हणतात. मग आमच्या मिठागरातून खूण केलेले कॅरोटीन घेता येईल का?
— एक मिठागर-मालक, आगरवाडा

आपल्या पाण्यात दोन रहिवासी असण्याची शक्यता आहे. एक डुनालिएला सलिना हे सूक्ष्मशैवाल, आणि दुसरे तीव्र खारट पाण्यातच जगणारे लाल रंगाचे आर्किया गटातील सूक्ष्मजीव. गुलाबी छटेचा बराच भाग या दुसऱ्यांचा असतो. केवळ रंगावरून कॅरोटीनचा अंदाज बांधू नये. थेंबभर पाणी सूक्ष्मदर्शकाखाली धरले तर ओळख पटते: डुनालिएलाच्या पेशी मोठ्या, अंडाकार आणि दोन शेपट्यांनी पोहणाऱ्या दिसतात, आणि कॅरोटीन साठले असेल तर हिरव्याऐवजी नारिंगी दिसतात. या पेशीला कडक भित्तिका नसते. बाहेरचे मीठ वाढले की ती आत ग्लिसरॉल साठवून तोल राखते. ऊन कडक आणि पोषक क्षार कमी झाले की बीटा-कॅरोटीनचे थेंब साठवून उन्हापासून बचाव करते. अनुकूल स्थितीत ते कोरड्या वजनाच्या दहा टक्क्यांपर्यंत जाते. ऑस्ट्रेलियातील हट लगून आणि व्हायआला येथे उघड्या खारट तळ्यांतून या शेवाळाचे कॅरोटीन व्यापारी प्रमाणावर काढतात.

मात्र खूण केलेले कॅरोटीन उघड्या कोंडात होणार नाही. समुद्राच्या पाण्यात बायकार्बोनेट आधीच विरघळलेले आहे, वर हवा मोकळी आहे. आपण ओतलेला जड कार्बन त्या गर्दीत हरवून जाईल. आपल्या कोंडातून पकडलेले शेवाळ प्रयोगशाळेत शुद्ध करून बंद पात्रात वाढवता येईल, आणि मांडवी-शापोऱ्याकाठच्या उन्हापावसाला सरावलेला वाण त्यात उपयोगी ठरेल, अशी आशा मला आहे. खुणेच्या ग्लिसरॉलसाठीही हेच शेवाळ सोयीचे आहे. परंतु त्यातून मिठागराला उत्पन्न मिळेल, असे कोणी सांगू लागले तर त्याच्याकडे कागद मागावेत. जगभरची मागणी ग्रॅमांत मोजली जाते, टनांत नव्हे.

समुद्रातील शेवाळ आणि कार्बनचा समस्थानिक यांचे नाते गोव्याला तसे जुनेच आहे. डेन्मार्कचे आयनर स्टीमान नील्सन यांनी १९५२ साली समुद्राच्या पाण्यात अल्प प्रमाणात कार्बन-१४ घालून तेथले शेवाळ दिवसाला किती कार्बन पकडते हे मोजण्याची पद्धत प्रसिद्ध केली, आणि १९६६ साली स्थापन झालेल्या, दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या कामात तिचा वापर झाला आहे. तेथे खुणेचा उपयोग समुद्राची मोजदाद करण्यासाठी होतो, माल काढण्यासाठी नव्हे.

प्रश्न : खूण केलेल्या शेवाळातून आहाराबद्दल प्रत्यक्षात काय कळले? आमच्या घरी चवथीला मुगागाठी होते. मुगातले प्रथिन किती अंगी लागते हेही अशा रीतीने मोजता येते का?
— एक आहारतज्ज्ञ, डिचोली

दोन्ही प्रश्नांना नेमके उत्तर आहे. आधी जीवनसत्त्व अ. पालेभाज्या, गाजर आणि शेवाळातील बीटा-कॅरोटीनचा रेणू आतड्यात मध्यावर तुटतो आणि त्याच्या दोन तुकड्यांपासून जीवनसत्त्व अ तयार होते. ते रक्तात मिसळले की यकृतात आधीपासून साठलेल्या जीवनसत्त्वापासून वेगळे काढणे अशक्य. साधे कॅरोटीन देऊन रक्त तपासले तर वाढ कशामुळे झाली ते सांगता येत नाही. येथे खूण कामी येते. चाळीसही कार्बन जड असलेल्या बीटा-कॅरोटीनचे वजन ५३६ ऐवजी ५७६ एकक भरते आणि त्यातून निघणारा जीवनसत्त्वाचा रेणू नेहमीपेक्षा बरोबर वीस एककांनी जड असतो. रेणूंचे वजन मोजणाऱ्या मास स्पेक्ट्रोमीटर या यंत्राच्या आलेखावर ते शिखर इतरांपासून दूर, मोकळ्या जागी उभे राहते आणि त्याची उंची मोजली की काम झाले. एखाद्या भाजीत वरून कॅरोटीनची गोळी चुरून घातली तर हे उत्तर मिळत नाही, कारण पेशीच्या आत, प्रथिनांच्या वेष्टनात असलेले कॅरोटीन सुटे होण्यास जे कष्ट पडतात ते गोळीला पडत नाहीत. खूण वाढीच्या वेळीच आत शिरलेली असावी लागते, असा आग्रह धरतात तो म्हणून.

२००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २३ टक्के जड पाणी (ज्यात साध्या हायड्रोजनऐवजी ड्युटेरियम हा जड हायड्रोजन असतो) असलेल्या माध्यमात वाढवलेली स्पिरुलिना चीनमधील प्रौढ पुरुषांना दिली होती. तिच्यातील सुमारे साडेचार मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीनमागे एक मिलिग्रॅम जीवनसत्त्व अ तयार झाले. आहारातील बीटा-कॅरोटीनसाठी अमेरिकेत सर्वसाधारणपणे बारास एक हे प्रमाण धरतात, त्या मानाने हे पुष्कळच चांगले. पण सहभागी मोजकेच होते आणि व्यक्तीव्यक्तीतला फरकही मोठा होता, हे विसरून स्पिरुलिनाच्या डब्यावर हा आकडा छापणे मला प्रशस्त वाटत नाही.

आता मूग. बंगळुरूच्या सेंट जॉन्स संशोधन संस्थेतील अनुरा कुरपाड यांच्या गटाने दोन खुणांची पद्धत वापरली. मूग आणि हरभऱ्याच्या झाडांना वाढीच्या काळात जड पाणी देऊन दाण्यांतील प्रथिनांत ड्युटेरियमची खूण केली आणि त्याच जेवणात तुलनेसाठी कार्बन-१३ची स्पिरुलिना घातली. जेवण एकदम न देता थोडे थोडे, तासातासाने दिले, म्हणजे रक्तातील पातळी स्थिर होते. त्यानंतर प्रत्येक अमिनो आम्लाच्या दोन्ही खुणांचे गुणोत्तर अन्नात किती आणि रक्तात किती हे पाहिले. स्पिरुलिनाची पचनीयता वेगळी मोजलेली असल्याने मुगाची त्यावरून काढता येते. नाकातून आतड्यापर्यंत नळी घालण्याची जुनी पद्धत यामुळे टळते, आणि लहान मुलांच्या बाबतीत तर हा लाभ फारच मोठा. या अभ्यासात असे दिसले की साल काढलेल्या मुगाची पचनीयता सालासकट मुगापेक्षा जवळपास १० टक्क्यांनी वाढते.

मुगागाठीसाठी मूग भिजवून, मोड आणून, पाण्यात चोळून एकेक साल काढत बसणाऱ्या आपल्या घरातील बायकांना हे ऐकून बरे वाटेल. तरीही त्या अभ्यासात मोड आलेले, नारळाच्या रसातले मूग नव्हते. तेव्हा सालापुरताच अर्थ घ्यावा. मोड आल्याने आणखी किती फरक पडतो, हे मोजण्याजोगे आहे, आणि ते गोव्यातच कोणी मोजले तर उत्तम.

प्रश्न : मी सूक्ष्मजीवशास्त्राचा विद्यार्थी आहे. कार्बन-१३ महाग असेल तर जड पाण्यात शेवाळ वाढवून प्रयोग करता येईल का? जड पाणी विषारी असते असे ऐकले.
— एक विद्यार्थी, वास्को

येईल, आणि आपल्या देशात जड पाण्याची टंचाई नाही. रायगड जिल्ह्यातील थळ येथेही जड पाणी मंडळाचा प्रकल्प आहे. ते मिळवण्यासाठी मात्र महाविद्यालयामार्फत रीतसर अर्ज करावा लागेल. थोड्या प्रमाणात ते विषारी नसते. सस्तन प्राण्यांच्या शरीरातील पाण्याचा तिसरा हिस्सा किंवा अधिक जड झाला तरच जिवावर बेतते. शेवाळे त्याहून पुष्कळ सोशिक. अमेरिकेतील आर्गॉन प्रयोगशाळेत जोसेफ कॅट्झ आणि हेन्री क्रेस्पी यांनी १९६०च्या सुमारास क्लोरेला आणि सेनेडेस्मस जवळजवळ शुद्ध जड पाण्यात वाढवून दाखवली आणि त्यातून पूर्ण ड्युटेरियमयुक्त हरितद्रव्य मिळवले.

शेवाळाला एकदम शुद्ध जड पाण्यात टाकू नका. आधी २५ टक्के, मग ५०, मग ७५, असे चढत जा आणि प्रत्येक पायरीवर वाढ पूर्ववत होईपर्यंत थांबा. कार्बन-ड्युटेरियम बंध अधिक घट्ट असल्याने वाढ मंदच राहील. ते अपयश समजू नका. पीक साध्या पाण्याने धुतले की ऑक्सिजन आणि नायट्रोजनला चिकटलेले ड्युटेरियम अणू निघून जातात, कार्बनला चिकटलेले राहतात. त्यामुळे मोजणीत शंभर टक्क्यांची अपेक्षा ठेवू नका. अर्धवट जड पाण्यात वाढवलेल्या कॅरोटीनचे आलेखात एक शिखर न येता शेजारीशेजारी शिखरांची रांग येते. तिची सरासरी कशी काढायची हे आपल्या मार्गदर्शकांशी आधीच बोलून ठेवा. भांड्याचे बूच घट्ट असू द्या. पावसाळ्यातली आपली हवा ओलाव्याने भरलेली असते आणि जड पाणी तो ओलावा ओढून घेऊन पातळ होते, म्हणून पहिला प्रयोग डिसेंबर ते फेब्रुवारीत लावलेला बरा.